बर्फातील विश्वासू टपालवाला : जॉन थॉम्पसन

थोर मिशनरी, उपदेशक आणि स्तोत्रकर्ते यांची चरित्रे आपण नेहमी वाचतो, आणि ती वाचलीच पाहिजेत. परंतु मंडळीत बसणारे बहुसंख्य लोक मिशनरी नसतात. कोणी शेतकरी असतो, कोणी कारकून, कोणी शिक्षिका, कोणी रेल्वेत, कोणी टपालखात्यात. आपल्या रोजच्या कामाचा देवाच्या राज्याशी काही संबंध आहे काय, असा प्रश्न त्यांच्या मनात येतो, आणि पुष्कळदा त्यांना त्याचे उत्तर मिळत नाही. म्हणून या अंकात आम्ही अशा एका मनुष्याची ओळख करून देत आहोत की ज्याची कीर्ती व्यासपीठावरून झाली नाही. तो लूथरन मंडळीत जन्मलेला शेतकरी होता, गुरे पाळणारा होता, आणि हिवाळ्यात लोकांची पत्रे पाठीवर वाहणारा होता. अमेरिकेत त्याला स्नोशू थॉम्पसन या नावाने ओळखतात.

बालपण आणि देशांतर

नॉर्वे देशाच्या टेलेमार्क प्रांतात टिन नावाचा डोंगराळ परगणा आहे. तेथील रूए नावाच्या शेतवाडीवर ३० एप्रिल १८२७ रोजी यॉनचा जन्म झाला. वडिलांचे नाव तोर्स्टाइन, म्हणून तिकडच्या रीतीप्रमाणे मुलाचे पूर्ण नाव यॉन तोर्स्टाइनसन रूए. यॉन अगदी लहान असतानाच वडील वारले, आणि घराचा भार आई ग्रो हिच्यावर पडला.

त्या काळी लूथरन मंडळी ही नॉर्वेची राजमान्य मंडळी होती. जन्मलेल्या प्रत्येक बालकाचा बाप्तिस्मा तेथेच होई, आणि मार्टिन लूथरची लहान प्रश्नोत्तरावली हे मुलांचे पहिले धर्मपुस्तक असे. लूथरच्या शिकवणीतील एक गोष्ट येथे ध्यानात ठेवण्यासारखी आहे. पाचारण केवळ पाळकाला किंवा मठवाशाला असते असे त्याने मानले नाही. नांगर धरणारा, दूध काढणारी, जोडे शिवणारा हे सर्व जर आपल्या कामाने शेजाऱ्याची गरज भागवीत असतील, तर त्यांनाही देवाचे पाचारण आहे, असे तो शिकवीत असे. देवाला आपल्या कामाची गरज नाही, शेजाऱ्याला आहे. ही शिकवण नॉर्वेतील शेतवाड्यांच्या मातीत मुरलेली होती. यॉनचे पुढचे आयुष्य या शिकवणीचा जणू एक धडाच आहे, असे आम्हांस वाटते.

त्या मुलुखात दुसरीही एक विद्या होती. हिवाळा आला की पायवाटा बर्फाखाली जात. तेव्हा लोक पायांना लांब लाकडी फळ्या बांधून बर्फावरून घसरत ये-जा करीत. या फळ्यांना आज स्की म्हणतात. मुले चालायला लागली की लवकरच या फळ्यांवरही उभी राहत.

१८३७ साली, यॉन दहा वर्षांचा असताना, हे कुटुंब समुद्र ओलांडून अमेरिकेस गेले. इलिनॉय प्रांतात फॉक्स नदीच्या काठी नॉर्वेतून आलेल्या लोकांची वसाहत होती, तेथे ते प्रथम राहिले. पुढे मिसूरी, आयोवा, विस्कॉन्सिन असे मुक्काम बदलत गेले. या काळात यॉन रूए याचा जॉन थॉम्पसन झाला.

कॅलिफोर्नियात १८४८ साली सोने सापडले, तेव्हा हजारो लोक तिकडे धावले. थॉम्पसनही १८५१ साली गुरांचा कळप हाकीत प्लेसरव्हिल या खाणीच्या गावी पोहोचले. काही दिवस त्यांनी सोने खणून पाहिले, पण त्यात जीव रमला नाही, आणि हातीही फारसे लागले नाही. मग सॅक्रामेंटोच्या खोऱ्यात प्यूटा नावाच्या ओढ्याकाठी ते शेती करू लागले.

पाठीवर पिशवी, पायाखाली बर्फ

कॅलिफोर्नियाच्या पूर्वेस सिएरा नेवाडा ही पर्वतांची रांग आहे. आपल्याकडे महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर कळसूबाई सुमारे ५,४०० फूट आहे. या रांगेतील नुसत्या खिंडीच सात हजार फुटांहून उंच आहेत, आणि हिवाळ्यात तेथे कित्येक फूट बर्फ साचते. १८४६ च्या हिवाळ्यात याच रांगेत डॉनर नावाच्या कुटुंबाबरोबर निघालेला ८७ जणांचा तांडा अडकला, आणि त्यांतील जवळजवळ निम्मे लोक दगावले. ही आठवण लोकांच्या मनात ताजी होती.

पर्वताच्या पलीकडे कार्सन खोऱ्यात जेनोआ नावाची लहान वस्ती होती. बर्फ पडू लागले की तिचा कॅलिफोर्नियाशी संबंध तुटे. महिनोन् महिने पत्र नाही, वर्तमानपत्र नाही, औषध नाही. १८५५ साली टपाल नेण्यासाठी माणूस हवा असल्याचे सॅक्रामेंटोच्या एका वर्तमानपत्रातून थॉम्पसन यांच्या वाचनात आले. त्यांनी शेतावरचे ओकचे लाकूड घेतले आणि लहानपणी पाहिलेल्या फळ्या आठवून आपल्या हाताने एक जोडी तयार केली. ती सुमारे दहा फूट लांब आणि पंचवीस पौंड वजनाची होती. तोल सांभाळण्यासाठी एक लांब काठी घेतली. तिकडच्या लोकांनी असे साधन पूर्वी पाहिले नव्हते. ते त्याला बर्फाचे जोडे म्हणजे स्नोशू म्हणू लागले, आणि त्यावरून हे टोपणनाव पडले.

३ जानेवारी १८५६ रोजी पाठीवर टपालाची पिशवी घेऊन ते प्लेसरव्हिलहून निघाले. पल्ला सुमारे नव्वद मैलांचा होता. हा माणूस परत येईल असे अनेकांना वाटत नव्हते. पण थोड्याच दिवसांत ते पलीकडचे टपाल घेऊन परत आले. पुढे त्यांचा क्रमच ठरून गेला. जाताना चढ अधिक, म्हणून तीन दिवस, आणि येताना दोन दिवस. पिशवीचे ओझे साठ पौंडांपासून शंभर पौंडांपर्यंत असे. पांघरूण नाही, बंदूक नाही. खाण्यास थोडी कडक बिस्किटे आणि सुकविलेले मांस, तहान लागली की झऱ्याचे पाणी किंवा बर्फ. रात्री एखादे वाळलेले देवदाराचे झाड पेटवावे, फांद्या अंथराव्यात आणि शेकोटीकडे पाय करून निजावे. वादळात पुढे जाणे अशक्य झाले तर सपाट खडकावर उभे राहून ते आपल्या गावाकडचे नाच नाचत, म्हणजे अंगातली ऊब जात नसे. एकदा होप व्हॅली, म्हणजे आशेची दरी, या नावाच्या ठिकाणी वाटेजवळच लांडग्यांचा कळप बसलेला दिसला. थॉम्पसन यांनी गती बदलली नाही की वाट सोडली नाही. लांडगे ओरडले, पण जागचे हलले नाहीत.

आपल्याकडे पूर्वी हातात घुंगरांची काठी घेऊन रानावनांतून टपाल नेणारे हरकारे होते. त्यांच्या पिशवीत काय आहे हे त्यांना ठाऊक नसे, पण ती वेळेवर पोहोचली पाहिजे एवढे ठाऊक असे. थॉम्पसन त्याच जातीचे सेवक होते. सरकारी पत्रांबरोबर कोणाची सुई-दोऱ्याची पुडी, कोणासाठी दिव्याची काच, कोणासाठी औषध हेही ते नेत. १८५९ साली पलीकडच्या डोंगरात जी प्रसिद्ध चांदीची खाण सापडली, तिच्या दगडांचे नमुने तपासणीसाठी त्यांच्याच पिशवीतून गेले असे सांगतात. त्या चांदीने कित्येक लोक धनाढ्य झाले. ती वाहून नेणाऱ्याच्या वाट्याला काही आले नाही.

जेम्स सिसन याची सुटका

१८५६ च्या नाताळाच्या सुमारास घडलेली गोष्ट शब्बाथ शाळेच्या शिक्षकांनी मुलांना अवश्य सांगावी. थॉम्पसन टपाल घेऊन जात असता वाटेतील एका ओसाड झोपडीतून त्यांना आवाज आला. आत जेम्स सिसन नावाचा व्यापारी पडलेला होता. तो बारा दिवस तेथे होता. पहिले काही दिवस तर त्याला विस्तवही पेटविता आला नव्हता. कोरडे पीठ खाऊन तो जगला होता. त्याचे पाय गोठून गुडघ्यांपर्यंत काळेनिळे पडले होते, आणि आता कुऱ्हाडीने आपणच ते तोडावेत या विचारापर्यंत तो आला होता.

थॉम्पसन यांनी लाकडे फोडून त्याला विस्तव करून दिला, जवळचे खाणे दिले, आणि त्याच रात्री डोंगर उतरून जेनोआ गाठले. तेथे माणसे जमविली. त्यांना बर्फावर चालता येईना, म्हणून त्यांच्यासाठी घाईघाईने फळ्या तयार केल्या, त्यांना घेऊन परत वर गेले, आणि सिसनला घसरगाडीवर घालून खाली आणले. वैद्याने पाहून सांगितले की पाय कापल्याशिवाय जीव वाचणार नाही, आणि गुंगीचे औषध म्हणजे क्लोरोफॉर्म गावात नाही. तेव्हा विश्रांती न घेता थॉम्पसन पुन्हा पर्वत ओलांडून गेले. प्लेसरव्हिलमध्येही औषध मिळाले नाही, म्हणून ते सॅक्रामेंटोहून आणविले, आणि घेऊन परत आले. सिसनचे पाय गेले, पण तो जगला.

लूककृत शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायातील शोमरोनी मनुष्याचा दाखला आपणांस पाठ असतो. त्या शोमरोन्याने जखमा बांधल्या, आपल्या जनावरावर बसवून उतारशाळेत नेले आणि पुढच्या खर्चाचीही सोय केली. त्याने काम अर्ध्यावर सोडले नाही. थॉम्पसन यांच्याविषयी हेच म्हणता येईल. झोपडीत विस्तव पेटवून ते टपाल घेऊन पुढे गेले असते, तरी त्यांना कोणी दोष दिला नसता. परंतु दया एका कृत्याने संपत नाही. शेजाऱ्याची गरज संपेपर्यंत ती चालत राहते.

शेत, घर आणि एक सावली

१८६० च्या सुमारास थॉम्पसन यांनी जेनोआच्या दक्षिणेस, कॅलिफोर्नियाच्या हद्दीत, डायमंड व्हॅली नावाच्या खोऱ्यात वस्ती केली. १८६२ साली अमेरिकेत असा कायदा झाला की जो कोणी पडीक सरकारी जमिनीवर घर बांधून पाच वर्षे राहील आणि ती कसील, त्याला १६० एकर जमीन नावावर मिळावी. अशा वसाहतदारांपैकी थॉम्पसन एक होते. त्यांनी तेथे गहू, ओट आणि बटाटे पिकविले, गुरे आणि घोडे पाळले. कार्सन नदीच्या पश्चिम फाट्याचे पाणी पाटाने शेतांत आणले, आणि त्या पाटांना आजही त्यांचेच नाव आहे. १८६६ साली ॲग्नेस सिंगलटन या इंग्रज बाईंशी त्यांचा विवाह झाला, आणि १८६७ च्या फेब्रुवारीत आर्थर हा एकुलता एक मुलगा जन्मला. लोकांनी त्यांना १८६८ ते १८७२ पर्यंत अल्पाइन जिल्ह्याच्या कारभारी मंडळावरही निवडून दिले.

ख्रिस्ती चरित्र सांगताना केवळ उजेड दाखवू नये, सावलीही दाखवावी, असे आम्हांस वाटते. पवित्र शास्त्र दाविदाचे पाप लपवीत नाही. ज्या मुलुखात हे शेत होते तो वाशो नावाच्या आदिवासी लोकांचा मुलुख होता. सरकारने जी जमीन पडीक म्हटली ती त्यांच्या वाडवडिलांची होती, आणि त्यांना कोणी विचारले नाही. १८६० च्या मे महिन्यात पिरॅमिड सरोवराजवळ पायूट लोकांशी लढाई झाली. गोऱ्या लोकांनी पायूटांच्या मुली पळविल्यावरून तिचा भडका उडाला होता. गोऱ्यांच्या ज्या स्वयंसेवक टोळीचा तेथे मोठा पराभव झाला तिच्यात थॉम्पसनही होते. ते जिवंत परत आले, सत्तरांहून अधिक सोबती आले नाहीत. एका सिसनसाठी चार वेळा पर्वत तुडविणारा मनुष्यही आपल्या समाजाच्या अन्यायात सामील होऊ शकतो, हे आपण नम्रपणे ध्यानात घ्यावे. आमचा शेजारी कोण, हा प्रश्न त्या शास्त्र्याला सुटला नाही, आणि आपणांसही तो पूर्ण सुटलेला नाही.

न मिळालेली मजुरी

आता या चरित्रातील सर्वांत दुःखाच्या भागाकडे येऊ. टपालाचा सरकारी ठेका दुसऱ्यांच्या नावावर असे. थॉम्पसन यांच्याशी कागदावर करार नव्हता, शब्दावर काम चालले होते. पैसे मिळतील, असे त्यांना सांगण्यात येई. ते पैसे कधी आले नाहीत. तरी दर हिवाळ्यात ते निघत. कारण पिशवीतले पत्र कोणाच्या आईचे, कोणाच्या मुलाचे असे, आणि त्यांचा काही अपराध नव्हता. १८६९ साली अमेरिकेच्या दोन्ही किनाऱ्यांना जोडणारी रेल्वे पुरी झाली, आणि पायी टपालाची गरज पुष्कळ कमी झाली. पण आगगाडी न पोहोचणाऱ्या डोंगरी वस्त्यांसाठी ते अजूनही जात. एकंदर सुमारे वीस हिवाळे त्यांनी ही सेवा केली असे सांगतात.

१८६९ साली नेवाडाच्या विधिमंडळाने ठराव करून थॉम्पसन यांना ६,००० डॉलर द्यावेत अशी वॉशिंग्टनच्या सरकारला विनंती केली. १८७२ च्या हिवाळ्यात ते स्वतः आपली दाद मागण्यास रेल्वेने निघाले. वायोमिंगमध्ये आगगाडी बर्फात अडकली. तेव्हा हा चव्वेचाळीस वर्षांचा मनुष्य खाली उतरला आणि बर्फातून पायी चालत पुढचे मोठे शहर गाठून तेथून दुसऱ्या गाडीने गेला. राजधानीत त्यांचे कौतुक झाले, सहानुभूती मिळाली, आश्वासने मिळाली. पैसे मिळाले नाहीत. करार नाही म्हणून देणे नाही, असा हिशेब झाला. ते रिकाम्या हातांनी आपल्या शेतावर परत आले.

अखेर

१८७६ चा वसंत आला. पेरणीचे दिवस होते आणि थॉम्पसन आजारी होते. पोटातले दुखणे वाढत होते. चालवत नव्हते, म्हणून घोड्यावर बसून त्यांनी बी पेरले. थोड्याच दिवसांत त्यांनी अंथरूण धरले, दुखण्यात न्युमोनियाची भर पडली, आणि १५ मे १८७६ रोजी, वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी, त्यांनी देह ठेवला. पेरलेले उगवलेले त्यांनी पाहिले नाही. ज्या जेनोआला त्यांनी इतकी वर्षे पत्रे नेली, तेथील कबरस्तानात त्यांना पुरले. दोन वर्षांनी, १८७८ साली, अकरा वर्षांचा आर्थर घटसर्पाने वारला. त्याला बापाच्या शेजारी ठेवले. ॲग्नेसबाईंनी १८८५ साली कबरेवर दगड बसविला. त्यावर एकमेकींवर ठेवलेल्या दोन स्की कोरल्या आहेत, आणि आडनावातील एक अक्षर गळून गेले आहे. पुढे जेनोआला त्यांचा पुतळाही उभा राहिला.

आपण काय घ्यावे?

प्रिय वाचकहो, या चरित्रातून आम्हांस दोन गोष्टी सांगावयाच्या आहेत, आणि त्या दोन्ही एकत्र धरल्या पाहिजेत.

पहिली गोष्ट सेवा करणाऱ्यांसाठी. मत्तयाच्या दहाव्या अध्यायात प्रभू येशूने प्याला भर गार पाण्याचीही नोंद राहील असे सांगितले आहे. शब्बाथ शाळेचा वर्ग दर रविवारी घेणारी बहीण, उपासनेपूर्वी मंदिर झाडणारा भाऊ, आजाऱ्याला दवाखान्यात पोहोचविणारा शेजारी, यांचे नाव अहवालात येत नाही. आले तर चुकीचे छापले जाते. तरी त्यांच्या हातून कोणाची तरी पत्रे पोहोचत आहेत. ते काम पाचारणच आहे.

दुसरी गोष्ट सेवा घेणाऱ्यांसाठी, आणि ही आपण सहसा सांगत नाही. थॉम्पसन यांचा त्याग थोर होता, म्हणून त्यांना न देणाऱ्यांचा अन्याय लहान होत नाही. लेवीय पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायात मजुराची मजुरी रात्रभरही ठेवून घेण्यास मनाई आहे. याकोबाच्या पत्राच्या पाचव्या अध्यायात तर अडवून ठेवलेली मजुरी देवाकडे ओरडते असे म्हटले आहे. आणि कामकरी आपल्या मजुरीस योग्य आहे हे खुद्द प्रभूने लूकच्या त्याच दहाव्या अध्यायात सांगितले आहे. तेव्हा मंडळीच्या सेवकाला, माळ्याला, बायबल स्त्रीला, घरी कामाला येणाऱ्या बाईला पुढच्या महिन्यावर ढकलताना आपण विचार करावा. तिने तक्रार केली नाही म्हणून आपले देणे फिटत नाही. सेवेच्या नावाखाली दुसऱ्याचे घेणे बुडविणे हे ख्रिस्ती वर्तन नव्हे.

जो सेवा करतो त्याने मजुरीकडे पाहून सेवा थांबवू नये, आणि जो सेवा घेतो त्याने सेवेकडे पाहून मजुरी थांबवू नये. वॉशिंग्टनच्या हिशेबात जॉन थॉम्पसन यांचे काही येणे निघाले नाही. देवाच्या हिशेबाची वही निराळी आहे. त्या वहीत आपल्या नावापुढे येणे अधिक आहे की देणे अधिक आहे, हे प्रत्येकाने येत्या रविवारी प्रभुभोजनाच्या मेजाजवळ येण्यापूर्वी पाहावे, आणि देणे असेल तर ते आधी फेडून यावे.